ॲप विचारतं, ओटा उत्तर देतो

फोन घरटी एकच, पण त्याचे किस्से सुपातल्या तुरीसारखे, कितीही निवडा, संपत नाहीत. रोज दुपारी आमच्या ओट्यावर आम्ही तिघी बसतो. माझी सासू, शेजारच्या कांताकाकू आणि मी. मी सातवी पास, म्हणून फोनवरचं वाचायचं काम माझ्याकडं. मांडीवर दहा महिन्यांची परी.

पहिला मान कांताकाकूंचा. गोठ्यात उजेड पाडायला त्यांनी बॅटरीचं ॲप घेतलं. ॲपनं आधी फोनमधले सगळे नंबर मागितले.

"उजेड पाडायला माझ्या सोयऱ्यांचे नंबर काहून लागते?" काकूंनी विचारलं.

"मागून राहिलं तं देऊन टाक," सासू म्हणाली.

काकूंनी दिले. संध्याकाळपर्यंत काकूंच्या नावानं साऱ्यांना निरोप गेला, 'मी हे ॲप वापरते, तुम्हीही वापरा.' त्यात बांधावरून तीन वर्षं अबोला धरलेली जाऊही होती. तिचा लगेच फोन आला, "बाई, शेवटी तुमीच आधी बोलल्या."

काकू अजून गल्लीभर सांगतात, "मी न्हाई बोलले, बॅटरी बोलली."

माझी तऱ्हा निराळी. परीला दात यायला उशीर झाला आणि माझा जीव खालीवर. कुणीतरी सांगितलं, लेकराच्या वाढीचं ॲप असतं. जवळा बाजार गावातल्या मोबाईलवाल्याकडं गेले. त्यानं ॲप टाकून दिलं. मग एक लांबलचक मजकूर आला.

"दादा, यात काय लिहिलंय?"

"ताई, ते कुणी वाचत न्हाई. खाली जाऊन 'मान्य आहे' दाबा."

"लिहिणाऱ्यानं तरी वाचलं असंल ना?"

त्यानं फोन माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, "घरी जाऊन वाचा."

घरी ओट्यावर मी मोठ्यानं वाचायला घेतलं. 'आम्हाला तुमच्या गोपनीयतेची कदर आहे.' सासूनं मान डोलावली. पुढच्याच ओळीत होतं, 'तुमची माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो.'

"भागीदार किती हायेत?" सासूनं विचारलं.

"लिहिलं न्हाई."

"कोणत्या गावचे?"

"तेही न्हाई."

"सोयरीक करताना आपण पोराच्या मामाचं गाव इचारतो. अन् हितं लेकराची माहिती द्यायची, त्यांचा पत्ता न्हाई?"

पटलं मला. ॲप काढूनच टाकणार होते. पण शेवटी एक चौकट होती, 'माझं वय अठरा वर्षं पूर्ण आहे आणि मी सर्व वाचलं आहे.' तेवढ्यात मांडीवरच्या परीनं पाय झाडला. अंगठा बरोबर चौकटीवर.

ॲप सुरू झालं. परीचं अभिनंदन केलं.

मग मलाही मोह झाला. ॲप दर महिन्याला लेकराचा फोटो मागायचं. वर्षाच्या आत लेकराचा फोटो काढायचा नाही, हा सासूचा कडक नियम. मी तिच्या चोरून एकदम तीन काढले आणि टाकले. दुसऱ्या दिवसापासून फोन उघडला की दातांच्या औषधाची जाहिरात. मग झबल्यांची. मग जवळच्याच औंढ्याच्या एका दुकानातल्या पाळण्याची.

दात उशिरा येताहेत हे त्याला कळलं, घर कुठं आहे हे कळलं. फोटो कोण कोण पाहत असंल? सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर कॅमेरा, माइक, ठिकाण, फोटो, सगळ्याला परवानगी दिलेली. एकेक बंद केलं आणि ॲप काढलं. पण गेलेले तीन फोटो? पुन्हा मजकूर शोधला. 'आवश्यक तितका काळ साठवले जातील.'

शेवटी रडत सासूला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

ती फक्त म्हणाली, "किती काळ?"

"लिहिलं न्हाई, आत्याबाई."

ती उठून आत गेली. काजळाची डबी घेऊन आली. एक तीट परीच्या गालावर लावली. मग फोन हातात घेतला, उलटा केला, कॅमेऱ्यावर एक तीट लावली. सुलटा केला, पुढच्या कॅमेऱ्यावर दुसरी.

रविवारी पुण्याहून परीच्या बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते तिथं कंपनीत आहेत.

"कायीच दिसून न्हाई राहिलं. सारं काळंच. परी कुठाय?"

सासूनं फोन माझ्या हातातून घेतला.

"पोरगी पाहायची असंल तं गाडीत बस अन् ये. तुला परवानगी हाय."