तासाभरावरची लेक

आमच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा राहतो. त्याला सगळे टिकटिकराव म्हणतात. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. हे सव्वाचार म्हणतं, ते दहा म्हणतं. त्याचं त्याला काही वाटत नाही. पण दोन देशांत वेगवेगळे वाजू शकतात, हे मात्र या महाशयांच्या टाळक्यात शिरता शिरत नाही.

त्याची लेक दिलेली परदेशी. तिला नववा महिना लागला, तशा वहिनी म्हणाल्या, "महिनाभर राहून येते." झालं! या गृहस्थाला पाणी तापवायचं तरी पातेलं सापडत नाही, महिना कसा काढणार? त्यानं परस्पर तिकीट काढलं. सकाळी जायचं, त्याच संध्याकाळी परत निघायचं. वर मलाच दाखवायला आला.

"बघा भाऊ, नऊला उडतं, दहाला उतरतं. एक तास! उगाच परदेश परदेश म्हणून रडता. आमची ही भाजी आणायला याहून जास्त वेळ लावते."

"अहो, तीन हजार किलोमीटर आहे ते. साडेतीन तास लागतात. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतात."

"मागं पडत असतील तर पाठवून द्या म्हणावं माझ्याकडे. करून देतो."

घ्या! आता या दगडावर कुठं डोकं आपटायचं? मी वहिनींकडे पाहिलं. त्या मुकाट्यानं बॅग भरत होत्या. दिवसभराच्या पाहुणीला चांगलीच मोठी बॅग होती.

वहिनी गेल्या. दुपारी मी दुकानात गप्पा ठोकत बसलो होतो, तेवढ्यात त्यांचा फोन आला. याच्या हातात चिमटा, म्हणून फोन स्पीकरवर.

"अहो, परतीचं तिकीट वाचलंत का? इथून सहाला निघतं आणि तिथं रात्री बाराला पोचतं. सहा तास!"

टिकटिकरावचा चिमटा हवेतच राहिला. "जाताना एक आणि येताना सहा? असं कसं?"

"मला मेलीला काय कळतंय? येताना चढ असेल."

मी रुमाल तोंडात कोंबला.

"चढ... हां, असेल, असेल," हा शहाणा मान डोलवत म्हणाला.

"माझे गुडघे ठाऊक आहेत ना तुम्हाला? सहा तासांचा चढ मला झेपायचा नाही. इकडून तासाभराचं विमान मिळालं की कळवा, तश्शी निघते." आणि फोन बंद.

तेव्हापासून हा रोज विमान कंपनीला फोन लावून विचारतो, येताना उताराचं विमान कधी आहे म्हणून. परवा वहिनींच्या डोळ्यांदेखत नात झाली. जावई बिचारा सासऱ्याला फोन लावून लावून थकला. लाईन सारखी गुंतलेली. शेवटी त्यानं मला लावला. आजोबा झाल्याची बातमी मीच भिंतीवरून ओरडून सांगितली.

"थांबा हो," तो आतून खेकसला, "कंपनीवाली बोलतेय!"