शिशाचे हत्ती

हातोडा वर गेला होता.

"गेनबा, थांबा!" मी ओरडलो.

गेनबा थांबले, पण वैतागून. मुळशी धरणाच्या काठी त्यांची भातशेती. उन्हाळ्यात ते मासे धरतात. जाळं तळाशी बसावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे तुकडे लावावे लागतात. गेनबा एक चपटा तुकडा दोरीभोवती दुमडून ठोकत होते. मी तिथला ग्रामसेवक, विहिरीचं काम बघायला आलेलो. शेजारच्या गाडग्यातला तुकडा सहज उचलला, तर त्यावर सोंड उचललेला हत्ती!

जुनी नाणी जमवायचा नाद मला कॉलेजपासून. हे नाणं जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं. सातवाहन राजे शिशाचीसुद्धा नाणी पाडत. लोक सोनं जपतात आणि शिसं वितळवतात, म्हणून ती फार उरलेली नाहीत.

"कुटं सापडलं हे?" मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

"पानी आटलं की जुन्या गावाची जिमीन उघडी पडती. तितं गाडगं घावलं."

"सोनं घावलं म्हनून नाचत आले," हौसाक्का, त्यांची बायको, घरातून म्हणाली. "म्या म्हनलं, नाचा! शिसं हाय त्ये."

काही नाणी जाळ्याला लागली होती. उरलेली गेनबा वितळवणार होते.

"गेनबा, असा ठेवा कायद्यानं कलेक्टरला कळवावा लागतो."

"कळवा की. पर माजं जाळं कोन बुडवनार? पाऊस लागायच्या आत हंगाम साधायचा हाय. गाव बुडवलं तसं जाळं बी बुडवून द्या, भाऊसाहेब!"

जाळ्यासाठी दुसरं शिसं मी आणून देतो म्हटलं. "चार दिस वितळवू नका," एवढं कबूल करून घेतलं आणि नमुन्याचं नाणं घेऊन ब्लॉक ऑफिस गाठलं.

आमच्या बीडीओ साहेबांनाही नाण्यांचा छंद. बंगल्यात काचेची पेटी, आत मखमल.

"वा! रिपोर्ट लिहिला?"

"आज लिहितो."

"घाई नको. आधी गाडगं इकडे आणा. निवडक मी ठेवतो, चार तुम्ही घ्या, बाकीची कलेक्टरकडे. शिसंच तर आहे, शेडगे!"

"शिसंच आहे तर निवडता कशाला, साहेब?"

"ट्रान्सफर हवीय?"

माझं डोकं फिरलं. एकत्र सापडलेली नाणी एकत्र राहिली तरच कोणाचं नाणं कोणाबरोबर चालत होतं ते कळतं. चांगली उचलून नेली की मागे उरते ती मोड. साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पक्कं माहीत होतं! याला छंद म्हणायचं असेल तर उचलेगिरी कशाला म्हणायचं?

मला एक विद्या येते, पत्रकं काढण्याची. रजा टाकली, एसटीनं पुणं गाठलं आणि आमच्या संघटनेची जुनी पत्रकं छापणाऱ्या प्रेसमध्ये शिरलो.

"आता कोणाविरुद्ध?" मालकांनी विचारलं.

"यंदा हत्तीच्या बाजूने. आणि झिजलेला टाईप असेल तर तोही द्या." टाईप म्हणजे छपाईची अक्षरं. तीही शिशाचीच.

"घेऊन जा पोतंभर. तुझीच भाषणं छापून झिजलाय."

पत्रकात मी एवढंच लिहिलं: मुळशीच्या मातीतली राजांची नाणी. बाजाराच्या दिवशी चावडीवर सर्वांसमक्ष मोजणी. या आणि डोळ्यांनी पाहा. पौडपासून घोटावड्यापर्यंत पत्रकं वाटली. मामलेदारांच्या हातात रिपोर्ट, नमुन्याचं नाणं आणि पत्रक एकदमच ठेवलं.

पोतं गेनबांपुढे ओतलं. त्यांनी एका अक्षरावर हातोडा घातला. त्याचे तुकडे उडाले.

"ह्ये शिसं हाय का बत्तासा?"

मी ओशाळलो. टाईप कडक व्हावा म्हणून त्यात दुसरे धातू मिसळतात. तो दुमडत नाही, फुटतो. हे मी विचारातच घेतलं नव्हतं. शेवटी हौसाक्कानं चूल पेटवली. टाईप वितळवला, ओल्या वाळूत शिसं उडतं म्हणून कोरड्या वाळूत ओतला, मधे खिळा उभा धरला. भोक असलेले मणी तयार झाले. ते दोरीत ओवले आणि जाळं पाण्यात फेकलं. सरळ तळाला गेलं.

"घ्या तुमचं हत्ती," गेनबा म्हणाले. जाळ्यावरची दुमडलेली नाणीही त्यांनी दोरी कापून काढून दिली.

बाजाराच्या दिवशी चावडीपुढे ही गर्दी! साहेब जीपमधून उतरले, गर्दी बघितली आणि हात खिशात घातले. मामलेदारांनी एकेक नाणं मोठ्यानं मोजून पंचनामा केला. पहिली सही गेनबांची. मग साहेबांनी 'आमच्या ब्लॉकने केलेलं कार्य' या विषयावर भाषण ठोकलं. टाळ्याही घेतल्या.

नाणी आज संग्रहालयात आहेत, सगळी एकत्र. तिथल्या माणसांनी दुमडलेली हलक्या हातानं उलगडली, तर आतले हत्ती शाबूत निघाले. माझ्याकडे त्यातलं एकही नाही. हात शिवशिवले होते, पण घेतलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

परवानगीशिवाय पत्रक छापल्याबद्दल मला मेमो मिळाला. माझ्या तरुण ग्रामसेवक भावांना एवढंच सांगणं आहे: रिपोर्ट जरूर लिहा. पण साहेबांच्या ड्रॉवरमध्ये जायच्या आधी तो बाजारात पोचू द्या.