नामदेवशेठचा जर्मनी दौरा

माझा थोरला भाऊ नामदेव म्हणजे आमच्या नावडे गावातलं मोठं प्रस्थ. कर्तृत्व विचाराल तर बापाच्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली आणि हा खाली खुर्ची टाकून बसला, एवढंच. आम्हा बहिणींकडून हक्कसोडीवर सह्या घेतल्या आणि एकेक साडी दिली. तीही पहिल्या धुण्यात विटली मेली!

त्याची लेक नमिता जर्मनीत नोकरी करते. तिचे दिवस भरत आले तशी गोजरावहिनी कासावीस झाली. "पहिलं बालंतपन हाय, मना जायालाच पायजे," एकच घोशा. नमितानं आईबाप दोघांनाही बोलावलं. त्यासाठी म्हणे तिथल्या सरकारला लिहून द्यावं लागतं, की पाहुण्यांचं खाणंपिणं, आजारपण, सगळा खर्च माझ्या डोक्यावर.

इकडे नामदेवची छाती फुगली. नाक्यावर हा भलामोठा बॅनर! 'नामदेवशेठ यांना जर्मनी दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा.' त्यावर मुलगा कुंदन गॉगल लावून, त्याचे यारदोस्त, कोपऱ्यात कुणी नगरसेवक. जिच्या जिवावर दौरा, ती नमिता नखाएवढीसुद्धा नाही.

कुणीतरी तिला त्या बॅनरचा फोटो पाठवला. तिचा फोन आला तेव्हा मी नामदेवच्या घरीच भाजी निवडत होते; फोन स्पीकरवर होता.

"बाबा, तुमची शुगर, बीपी जुनी. जुन्या दुखण्याला विमा पैसे देत नाही. इथं काही झालं तर मी कर्जात बुडेन. कुंदनला म्हणावं, निम्मा भार तू घे."

कुंदननं मोबाईलमधून मान वर केली नाही. "तिनं बोलावलंय, तीच बघेल. माझा पैसा बांधकामात अडकलाय."

"मना काय धाड भरलीय?" नामदेव फोनवर गरजला. "बापाचा खर्च मोजतेस? लाज नाय वाटत?"

मला राहवलं नाही. "लाज कुणाला वाटायला हवी रे?"

नमिता शांतपणे म्हणाली, "मग मी फक्त आईची हमी देते. बाबांची त्यांचा मुलगा देईल."

वहिनीनं दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू वळायला घेतले. नामदेव आठवडाभर आदळआपट करत होता. तिनं ढुंकून पाहिलं नाही.

वहिनीच्या निघायच्या दिवशी मात्र त्याचा आवाज खाली आला. "गोजरा, माझ्या गोल्या, जेवान, कोन बघल?"

वहिनीनं पायात चप्पल सरकवली. "अवो, तुमचा कुंदन हाय ना."

कुंदन गाडीची चावी घेऊन केव्हाच सटकला होता. वहिनीला रिक्षात मी बसवलं.