फ्लॉपीतली चादर

भुताखेतांच्या बातम्या मी नोकरीभर कापत आलो. सोलापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. अमक्या विहिरीवर बाई दिसते, तमक्या वळणावर गाड्या आपोआप बंद पडतात, असा मजकूर तालुक्याच्या वार्ताहरांकडून अधूनमधून यायचा. मी फोन लावून विचारायचो, "कशावरून?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "साहेब, गावात सगळेच म्हणत्यात की." मग तो मजकूर टोपलीत जायचा. माझा अशा गोष्टींवर तेव्हा विश्वास नव्हता. आता आहे असंही म्हणवत नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो आहे, एवढंच.

आम्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. "आम्ही" म्हणजे मी आणि माझी पत्नी सुनंदा. दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण ते कुणावर थांबत नाहीत. भरवलेलं गिळते. डावा हात तेवढा हलतो — त्या हाताची तर्जनी दिवसभर चादरीवर टकटक करत असते. डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नाही, स्नायू आपोआप हलतात. तिला आता काही कळत असेल असं वाटत नाही, हेही त्यांनी सांगितलं. सौम्य शब्दांत, पण स्पष्ट.

सकाळी नीलव्वा येते. अक्कलकोटकडची आहे. सुनंदाचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं करून दुपारी जाते. तिच्यामागे घरात माणसाचा आवाज असा नसतो. पाणी येण्याच्या दिवशी खालच्या टाकीची मोटर वाजते, तेवढाच.

आमची मुलगी मुग्धा पुण्यात असते. तिच्या घराजवळ अशा रुग्णांसाठी एक केंद्र आहे. आईला तिथे ठेवावं, तुम्हीही माझ्याकडे या, असं तिचं म्हणणं. फोनवर हाच विषय असायचा.

"बाबा, तुमची पाठ किती दिवस टिकणार आहे? आईला उचलता तुम्ही, आणि फोनवर तुमचा श्वास ऐकू येतो मला."

"इथे तिला घर कळतं."

"कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. शेवटी मी हो म्हणालो, आणि घर आवरायला घेतलं.

माळ्यावर फ्लॉपींचा खोका सापडला. सुनंदा चादरीच्या कारखान्यात डिझाइन विभागात होती. आधी आलेख कागदावर नक्षी काढायची, नंतर कारखान्यात संगणक आला तेव्हा तो शिकली. नक्षी फ्लॉपीवर जायची आणि फ्लॉपी मागाला जोडलेल्या यंत्रात. पुढे कारखान्याने विभाग बंद केला. तिच्या हातच्या काही फ्लॉप्या तिने घरी आणल्या, त्या या. लेबलांवर तिचं बारीक, सरळ अक्षर.

आमच्या ओळखीच्या सलीमभाईंचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. फ्लॉपी बघून ते हसले.

"साब, ये तो म्यूझियमचं माल हाय. कुटं लपवून ठेवलं होतं?"

"उघडेल का?"

"उघडंल की. पन एक ऐका. ह्याला सारखं चालवायचं नक्को. एकदाच पूर्ण वाचून घ्यायचं, त्याची इमेज करायची, मंग फ्लॉपीला हात लावायचा नक्को. एकदा मेली की मेली."

इमेज म्हणजे छायाचित्र नव्हे. फ्लॉपीवर जे जसं आहे ते सगळं तसंच्या तसं उतरवून घेतलेली एक फाइल. सलीमभाईंनी मला यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह दिला, आणि लॅपटॉपमध्ये दोन सॉफ्टवेअरं घालून दिली. एक नुसतं बघण्याचं — इमेज उघडा, आतली नक्षी पडद्यावर दिसते, तिला हात लावता येत नाही. दुसरं नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक चालवतं. सुनंदाचा डिझाइनचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर होता, तो त्यात चालू लागला. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. प्रत्येक फाइलची अक्षर-आकड्यांची एक लांबलचक खूण काढता येते. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं, तरी खूण पूर्ण बदलते.

पहिली इमेज उघडली ती दुपारी, सुनंदाच्या पलंगाशेजारी. पडद्यावर चौकोनी घरंच घरं, काळी आणि पांढरी. जरा लांबून पाहिल्यावर फुलं दिसली, कडेला वेल. ही चादर आमच्याकडे होती. आता कुठे गेली, आठवत नाही. मी पडदा सुनंदाकडे वळवला. तिने पाहिलं नाही.

मग मी इमेजची एक प्रत केली आणि त्या प्रतीवर तिचा जुना प्रोग्रॅम चालवून बघत बसलो. कोणतं बटण काय करतं हे बघण्याच्या नादात एका पाकळीतली चार-पाच काळी घरं पुसली गेली. परत कशी भरायची ते कळेना. लॅपटॉप तिथेच स्टुलावर ठेवून मी तिला भरवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी उघडलं तर पाकळी पूर्ण होती.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. बदल साठवला गेला नसेल. वय झालं आहे. पण फाइलची खूण काढली तेव्हा ती मूळ इमेजच्या खुणेशी जुळेना. म्हणजे बदल साठवला गेला होता. खुणेच्या हिशेबाने त्या प्रतीत चूक होती. पडद्यावर नव्हती.

सवयीप्रमाणे मी दुसरा साक्षीदार शोधला. घरात एकच होता. या वेळी मुद्दाम वेलीतली घरं पुसली आणि नीलव्वाला बोलावलं.

"इथे काय दिसतं?"

"नक्षी दिसती की. लई झ्याक हाय. हितं मात्र भोक पडल्यागत दिसतंय बघा."

दुसऱ्या दिवशी तोच पडदा, तीच जागा दाखवली.

"न्हाय की ओ अण्णा, आज न्हाय भोक. तुमी बुजवलं?"

"मी नाही. तू हात लावलास का याला?"

"मी?" तिला हसू आवरेना. "मला मोबाईलवर फोन लावायचा तरी नातवाला इचारावं लागतंय, आन मी तुमच्या मशिनीत शिरू व्हय?"

फाइल घेऊन सलीमभाईंकडे गेलो. त्यांनी त्यांच्या संगणकावर उघडली. नक्षी निर्दोष. खूण काढली. ती चूक असलेल्या प्रतीचीच. त्यांनी पुन्हा काढली, चष्मा लावून एकेक अक्षर ताडून पाहिलं.

"व्हायरस असंल साब. फॉरमॅट मारू?"

"नको," मी म्हणालो. फार घाईने म्हणालो असेन, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर रोज दुपारी मी एक चूक करू लागलो. लॅपटॉप हॉलमध्ये ठेवला तर चूक तशीच राहायची. सुनंदाच्या पलंगाशी उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी नाहीशी व्हायची. हे मी अनेकदा तपासलं. दर वेळी हेच.

सोप्या चुका टाकून मला कंटाळा आला, तेव्हा मी अवघड शोधू लागलो. आडवा धागा फार लांबपर्यंत मोकळा सोडला तर चादरीत तो लोंबतो, बांगडीत नाहीतर पायाच्या बोटात अडकतो. म्हणून मधे मधे एखादं घर भरून त्याला बांधावं लागतं. बघणाऱ्याला ती बांधणी दिसतही नाही. माझ्या अंकात काही चुकीचं छापलं गेलं की सुनंदा म्हणायची, "तुमचं बरंय हो. तुमची चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. माझी चूक लोक दहा वर्षं अंगावर घेऊन झोपतात." मी नेमकी अशीच बांधणीतली घरं, दाट पानांमध्ये, एकेकटी पुसायला लागलो. मलाही परत सापडू नयेत अशी. मी जागा कागदावर टिपून ठेवायचो, नाहीतर तपासणार कसं?

सगळी भरली जायची.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी बराच बोलायला लागलो होतो. "आज जरा अवघड आहे हं," असं म्हणून लॅपटॉप तिच्याकडे वळवायचो. ती छताकडे बघत असायची. बोट चादरीवर टकटक करत असायचं. तिने एकदाही पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

मुग्धाला काय सांगणार होतो? दुरुस्त झालेली चूक दाखवता येत नाही. मी डेस्कवर आयुष्य काढलं, मला हे माहीत असायला हवं होतं. वाचकाला फक्त राहून गेलेली चूक दिसते. माझ्याकडे पुरावा म्हणून होती ती एक निर्दोष नक्षी. अशी तर ती मूळ फ्लॉपीतही होती.

मग एका सकाळी सुनंदाला न्हाणीघरात नेताना माझी पाठ धरली. दोघंही पडता पडता वाचलो, नीलव्वा होती म्हणून. मी मुग्धाला फोन करून सांगितलं, ये आणि घेऊन जा. तिने रविवार ठरवला. दुपारी मी सुनंदाजवळ बसलो. "मुग्धा येतेय. आपण पुण्याला जायचं," असं सांगितलं. त्या दिवशी चूक टाकली नाही. टाकावीशी वाटली नाही. लॅपटॉप मात्र सवयीने तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी नक्षी उघडली आणि काहीतरी खटकलं. पान वाचून झाल्यावर चुकलेला शब्द सापडायच्या आधी खटकतं, तसं. वरून खाली एकेक ओळ बोट लावून बघत गेलो. नीलव्वा आपलं काम उरकून गेली, तरी मी बघतच होतो. शेवटी कडेच्या वेलीत, एका वळणाच्या आत, ते दिसलं. एक घर पांढरं होतं. धागा मोकळा सुटला होता.

माझ्या कागदावर ती जागा नव्हती. त्या वेलीला मी त्या बाजूने कधी हात लावला नव्हता. मूळ इमेज उघडून पाहिली, तिच्यात ते घर काळंच होतं.

घर कसं भरायचं ते एव्हाना मला जमू लागलं होतं. मी ते भरलं. तिच्याकडे वळून म्हणालो, "सापडली." बोट टकटक करत होतं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक होती. दुसरीकडे, आणि जास्त अवघड.

रविवारी मुग्धा आली. गाडी खाली उभी होती.

"बाबा, अहो, काहीच बांधलं नाही तुम्ही?"

"चहा घे आधी."

"चहा राहू दे. आईचे कपडे कुठे आहेत?"

मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. त्या सकाळी सापडलेली चूक मी मुद्दाम तशीच ठेवली होती. तीही दाखवली. तिने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुम्ही झोपता किती हल्ली?"

"झोपतो पुरेसा."

"बाबा, हे तुम्हीच केलं असेल. केलं आणि विसरलात."

"शक्य आहे."

"मग?"

"मग काही नाही. ती इथेच राहील."

"पण कशाच्या जोरावर म्हणताय हे? मला एक कारण द्या. एक!"

"कारण नाही माझ्याकडे, मुग्धा."

ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आली तेव्हा तिने नीलव्वाला फोन लावून संध्याकाळीही यायला सांगितलं, पगाराचं तीच ठरवून मोकळी झाली. मला म्हणाली, "पाठीला पट्टा घेतल्याशिवाय आईला उचलायचं नाही. आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून या. आईला नाही, स्वतःला." निघताना पलंगाशी वाकून तिने आईच्या कपाळावर हात ठेवला. "येते गं आई." सुनंदाची नजर छतावर होती.

तिच्या समाधानासाठी मी तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. त्यामुळे काही सिद्ध होत नाही, हे मला समजतं. मीच चुका करतो आणि विसरतो, मीच भरतो आणि विसरतो, ही शक्यता मी खोडत नाही. पण नीलव्वाने भोक पाहिलं होतं. सलीमभाईंनी खूण पाहिली होती. त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही.

हे कुठल्या वार्ताहराकडून आलं असतं तर मी छापलं नसतं.

सुनंदाच्या प्रकृतीत काही फरक नाही. दुपारी नीलव्वा गेली की घर शांत होतं. मी खुर्ची पलंगाजवळ ओढतो, इमेज उघडतो आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो. चुका दिवसेंदिवस अवघड होत चालल्या आहेत. माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, एकेका ओळीला वेळ लागतो. कालची अजून सापडलेली नाही.