पाण्याची जमीन

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. यंदाच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, उन्हं नुकती वर आलेली असताना. उजनीच्या काठावरच्या तिच्या काकडीच्या वेलांवरून जेसीबी गेला. वेलांना तेव्हा पिवळी फुलं होती.

मी बारामतीत राहतो, धरणग्रस्तांसाठी पत्रकं लिहितो. पत्रकात जागा कमी असते, म्हणून तिथं 'काठावरील गाळपेर' एवढंच लिहून मोकळा होतो. गाळपेर म्हणजे काय, हे इथं जरा सावकाश सांगतो.

इंदापूरकडच्या आमच्या काठाला काठ म्हणायचं, पण तो एका जागी थांबत नाही. पावसाळ्यानंतर पाणी पार रस्त्याला टेकतं. महाशिवरात्र झाली की ते मागं हटायला लागतं आणि खाली काळा, भेगाळलेला गाळ उघडा पडतो. त्यात शिंपले असतात, बाभळीची जुनी खोडं असतात आणि धरणात गेलेल्या आमच्या गावाचे बांध असतात. उसाच्या बागायतदारांच्या मोटारी आणि पाइप पाण्यामागं सरकतात, तशी आमची माणसंही बियाणं घेऊन सरकतात. काकडी, कलिंगड, जनावरांना मका. पाणी परत चढायच्या आत पीक काढून घ्यायचं. हीच गाळपेर.

सगळं गाव मिळून आधी बांध बघायला जातं. ज्याचं रान जिथं बुडालं, त्यानं तिथंच पेरायचं. कुणी बाळंतपणाला किंवा दवाखान्यात अडकलं, तर शेजारी त्याचा पट्टा कोरा सोडतो. मोजणी नाही, भांडण नाही. आत्याच्या शेजारचे तात्या दरवर्षी एकच तक्रार करायचे, "वैनी, माशांनी तुमचा बांध माझ्या रानात रेटलाय." आत्या खाली बसून ढेकूळ फोडता फोडता म्हणायची, "मग माशांवर केस करा, तात्या." एवढीच आमची हद्दीची कोर्टकचेरी.

आणि एक रीत होती. या जमिनीला कुणी 'माझी' म्हणायचं नाही. लहानपणी मी एकदा चिखलात उभा राहून 'हे आमचं रान' असं ओरडलो, तर आत्यानं पाठीत धपाटा घातला. पाण्यानं आपलं गाव घेतलं, चार महिने उसनं देतं. उसन्याला आपलं म्हटलं की पाणी ते पुन्हा देत नाही, असं तिचं म्हणणं. कुणीही विचारलं तरी काठावरच्या सगळ्या घरांचं उत्तर एकच: पाण्याची हाय.

काठावरच्या आमच्या गावाला नवी नगरपंचायत झाली. गेल्या वर्षीच्या वैशाखात तिच्या विकास आराखड्यासाठी पाहणी करायला एक पोरगा आला. डोक्यावर टोपी, हातात टॅब. गोड बोलणारा होता. त्यानं आत्याला विचारलं, ही जमीन कुणाची. आत्यानं त्याला काकडी कापून दिली, मीठ लावून. आणि म्हणाली, पाण्याची हाय, आमी नुसतं पेरतो. त्यानं हेच तात्यांना विचारलं. तात्यांनीही तेच सांगितलं. अख्ख्या काठानं तेच सांगितलं. काकडी खाऊन तो निघून गेला.

आराखड्यात आमचा काठ मोकळी जागा झाला. नकाशावर घरांना पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा, आणि आमच्या काठाला छान हिरवा: उद्यान व जलविहार. तो नकाशा हरकतींसाठी कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर लावला होता. काठावरची माणसं गावात येतात ती रविवारी, बाजाराला. रविवारी कार्यालय बंद असतं.

कागदावर ती जमीन सरकारची आहे, हे मला ठाऊक आहे. कुणी सांगायला येऊ नका. मी विचारतोय ते एवढंच, की उभं पीक दिसत असताना जागा मोकळी कशी?

पाडव्याला मी गावीच होतो. दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला म्हणून धावलो, तर कुंपणाचे खांब रोवणं चाललं होतं आणि आत्या बांधावर उभी होती. ठेकेदाराचा माणूस काही राक्षस नव्हता. त्यानं मशीन थांबवलं आणि सरळ विचारलं, "आजी, ही जमीन तुमची हाय का? असंल तर सांगा, मी साहेबांना फोन लावतो."

आत्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं.

मी तिचा दंड धरला. "आत्या, तुझी हाय म्हण की."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं. "खोटं कसं बोलू?" ती म्हणाली. "माझी व्हती ती गेली. ही पाण्याची हाय."

त्या माणसानं हातातला फोन खिशात घातला. मग मशीन सुरू झालं.

मी रागानं ओरडत राहिलो. आत्यानं मात्र जेसीबीच्या मागून जाऊन उपटलेले वेल गोळा केले, पदरात घेतले आणि तात्यांच्या शेळ्यांपुढं टाकले. आता तात्यांच्या पट्ट्यालाही कुंपण आहे. माशांची तक्रार त्यांनी सोडून दिली.

भाद्रपदात पाणी चढलं आणि खांब निम्मे बुडाले. वरच्या अंगाला फरशा बसल्यात, लोक संध्याकाळी फोटो काढायला येतात. आत्या काठाकडं जात नाही. मागच्या रविवारी बाजारात तिनं एक काकडी उचलली, वास घेतला आणि परत पाटीत ठेवली. विकणारी म्हणाली, घ्या की मावशी, ताजी हाय. आत्या म्हणाली, व्हय, दिसतीय.

शिवरात्रीनंतर पाणी पुन्हा उतरेल. बांध वर येतील, कुंपणाच्या आत. कुणाचा कुठला ते आम्हाला दिसेल, पण आमची माणसं बोलणार नाहीत. त्यांच्या तोंडून 'माझी' हा शब्द निघत नाही. म्हणून तुम्ही या. बांध उघडे पडतील त्या सकाळी आत्याच्या बांधावर उभे राहा आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: हा पट्टा हिचा आहे, कुंपण काढा.