पंडरीतला ओटा

पंडरीच्या कापड बाजारात काम करणाऱ्या बायकांसाठी बाथरूम बांधायचं काम आलं, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. आर्किटेक्ट होऊन मला बारा वर्षं झाली. तरी चौबे कॉलनीतल्या माझ्या ऑफिसात येणारे लोक अजून मलाच विचारतात, "साहब कब मिलेंगे?" त्यात पुन्हा बायकांचं बाथरूम!

तरी जागा बघायला गेले. साड्यांच्या एका दुकानात पंचावन्न-साठीची एक बाई घड्या घालत उभी होती. तिचे वडील रेल्वेत होते म्हणून त्यांचं कुटुंब अकोल्याकडून इथे, हिंदी मुलखात आलेलं. माझी मराठी ऐकून ती मोकळी झाली.

"दिवसभर पाणी किती पिता?" मी विचारलं.

"घरून निघताना एक गिलास. मंग घरी गेल्यावरच."

"मीही साइटवर तसंच करते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी तर मॅडम आहा ना?"

मी काम घेतलं.

दार कुठे ठेवायचं यावरच दोन आठवडे गेले. तरुण मुली म्हणाल्या, "दीदी, सामने मत रखना, सब देखते हैं." वयस्क बायका म्हणाल्या, मागे अंधार असतो, तिकडे कोण जाईल? दोन्ही बाजूंचं खरं होतं. शेवटी मी दार बाजूला ठेवलं, त्याच्यापुढे विटांची जाळी घेतली, आणि जाळीच्या आत, दाराबाहेर, पिशवी ठेवायला किंवा लेकरू टेकवायला म्हणून एक कडाप्प्याचा ओटा केला. ओट्याचा फारसा विचारही केला नव्हता. नकाशात ती एक रेघ होती.

बाथरूम सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, काम देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या समितीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मैडम, आपने तो बैठक बना दी! लड़कियाँ बाहर ही नहीं आतीं. वो चबूतरा तुड़वाना पड़ेगा, आप आकर देख लीजिए."

मी दुपारी गेले. जाळीच्या आत पाच जणी ओट्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. डबे उघडे होते. एकीने चपला काढून पाय वर घेतले होते. फिनाइलचा वास येत होता आणि तिथेच कोणीतरी लोणचं वाटत होतं. मला आधी फार आनंद झाला. माझ्या कुठल्याच इमारतीत लोक असे पसरून बसलेले मी पाहिले नव्हते. मग लक्षात आलं. बाथरूमच्या दाराशी बसून जेवतायत या!

साडीवाल्या बाईने सरकून मला जागा दिली. "बस ना. जेवली का?"

मी बसले. तिने अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

"सेठ लोक ओटा तोडा म्हणून राहिले," मी म्हणाले.

"काहून? आमी पंधरा मिनटं बसतो म्हणून?"

"मी नाही तोडू देणार."

"नको तोडू देऊ." मग पोळीचा घास मोडत ती म्हणाली, "पण तुले काय वाटते, आमाले इथं बसणं आवडते?"

मी हातातली पोळी खाल्ली.

सेक्रेटरींना मी सांगितलं, ओटा तोडायचा तर माझ्याशिवाय तोडा. त्यापेक्षा प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल द्या, बायका तिथेच बसतील. ते हसले. "ग्राहक आएगा और सेल्सगर्ल बैठी मिलेगी? अच्छा लगेगा?" तरी बरंच बोलणं झाल्यावर चार दुकानांनी स्टुलं ठेवली. साडीवाल्या बाईच्या दुकानातही एक आलं. नंतर कधीतरी गेले तर त्यावर साड्यांचे खोके रचलेले होते आणि ती उभीच होती.

"बसत का नाही?"

"बसलं की सारे पाहतात," ती हळूच म्हणाली. "तिथं जाळी आहे."

म्हणजे जाळी बरोबर होती? की बाई बसलेली दिसू नये, हे मीच विटांनी पक्कं करून दिलं होतं? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू फार विचार करतेस, त्यांना जागा मिळाली ना? मिळाली खरी. ओटा कोणी तोडला नाही. फोन पुन्हा आला नाही. मीही स्वतःहून केला नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी मला बोलावलं. त्यांनाही तसंच बाथरूम हवंय, "बस, वो चबूतरा छोड़ के." कागद समोर घेऊन बसते. ओटा काढते, पुसते. मग वाटतं, जाळीच वगळावी आणि बायकांना सरळ रस्त्यावर, झाडाखाली बाक द्यावं. पण तिथे त्या बसतील का? मी तरी बसेन का? तेलीबांध्याच्या तलावाकाठी इतकी बाकं आहेत. मी तिथे रोज फिरते, पण एकटी कधी बसल्याचं आठवत नाही.

व्यापाऱ्यांना अजून नकाशा दिलेला नाही.