गोष्टीतली गाठ

५ फेब्रुवारी १९५९. जखमेला लागतात म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या उकळत ठेवल्या, आणि त्या ओल्या सुताच्या वासानं सात वर्षांपूर्वीची दुपार आठवली. मी पवनारहून परतले तर धाकटा दीर अंगणात बसलेला. कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी तोडताना हाताला विळा लागला होता आणि जावेनं पदर फाडून त्याचा दंड करकचून बांधला होता, त्याला दीड तास झाला होता. "वहिनी, बोटं हायेत का गेले, समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. बोटं जांभळी पडली होती. मी गाठीला हात घातला तर जाऊ आडवी आली. "नाई सोडू देत! मासिकातल्या गोष्टीत नायिकेनं नायकाचा दंड असाच बांधला, अन् थो तीन दिवसांनी घोड्यावर बसून आला." "हात घेऊन आला का थो?" म्हणत मी तिला बाजूला सारलं, जखमेवर स्वच्छ घडी दाबून धरली आणि गाठ हळूहळू सैल केली. रक्त आटोक्यात राहिलं, पण बोटांना रंग येईना. मी नखं दाबून पाहायची, गाडी आली का ते पाहायला दाराशी जायची, पुन्हा नखं दाबायची. दवाखान्यात न्यायला बैल जुंपले तेव्हा कुठे करंगळी गुलाबी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मासिकाच्या संपादकांना कार्ड टाकलं: पुढच्या अंकात नायकाचा हात कापलेला दाखवा, नाहीतर गाठ कधी सोडायची ते तरी छापा.